शेरा

अकरा वर्षं मी या नदीची उंची लिहितो.
सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच.
पैनगंगा : एक मीटर चाळीस.
पैनगंगा : एक मीटर बावीस.
वहीत शेवटी एक रकाना आहे, 'शेरा' नावाचा.
त्यात मी 'निरंक' लिहीत आलोय.

लिंबाजी भोयानं एकदा ती वही हातात घेतली,
उलटी धरली, सुलटी केली, म्हणाला,
"साहेब, बाई किती उंच हाय ते लिहिलालाव.
बोलती कशी, ते कुठं हाय?"

म्हणून कार्तिकात, पाणी निवळल्यावर,
सहस्रकुंडाच्या खाली,
जिथं धबधब्याचे तुषार पोचत नाहीत पण आवाज पोचतो,
आम्ही ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबा बांबूंना बांधल्या.
सुतळी नको म्हणाला.
सुतळी भिजली की तिला माहेर आठवतं.
सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या.
वल्हं एकच, पुरानंच आणून टाकलेल्या फळीचं, ते त्याच्याकडं.
मी माझी मोजपट्टी घेतली,
सरकारी, लाल-काळ्या आकड्यांची, दोन मीटर.

डावा हात लांबवला तर विदर्भ,
उजवा लांबवला तर मराठवाडा.
मधे आम्ही, कुणाच्याच सातबाऱ्यावर नसलेले.

मग काठ उभे राहिले.
दोन्हीकडून काळा कातळ,
वर आभाळाची एक चिंधी,
तिला टाका घातल्यासारखी एक घार.
कातळात रांजणाएवढी भोकं,
त्यातले गोटे पाणी अजून फिरवतंय,
दळण संपलं हे कुणी सांगितलंच नाही त्याला.
कपारीला आग्या मोहोळ.
लिंबाजीनं वल्हंसुद्धा हळू टाकलं तिथं.

इथल्या प्रत्येक उताराला नाव आहे, नकाशात नसलेलं.
पहिली चाळणी. नुसते दगड, बूड खरवडत गेलं.
दुसरा व्याही :
गळ्यात पडतो आणि खिसे चाचपतो.
माझा पेन आणि एक चप्पल तिथं राहिली.
तिसऱ्याचं नाव लिंबाजीनं सांगितलं नाही.
"नाव घेतलं की वळून बघती ती."

आधी पाणी गुळगुळीत झालं,
तेल चोळलेल्या पहिलवानाच्या पाठीसारखं,
आणि त्या पाठीवरून आम्ही घसरलो.
पांढरं.
कानात पांढरं, नाकात पांढरं,
आणि त्या पांढऱ्यातून त्याचा आवाज,
"धरून काय बसलास, मार! उजवीकडं मार!"
अकरा वर्षांत पहिल्यांदा अरे-तुरे.
मी मारलं.
ज्या पट्टीनं रोज तीनदा नदीला उंची विचारली
तिनं काही न विचारता नुसतं मारलं.
खडक आला. पट्टी टेकवली. वाकली,
आणि एक मीटर दहावर मोडली.

खालच्या डोहात आम्ही सुलटे होतो, इतकंच.
एक ट्यूब सावकाश श्वास सोडत होती.
एक खंड्या दोन जिल्ह्यांच्या मधून सरळ निघून गेला.
लिंबाजी हसला नाही.
बांबूची गाठ चाचपली,
कमरेची तंबाखूची डबी उघडली,
आत कोरडं ठणठणीत.
मग हसला.
माझे गुडघे मात्र दिवेलागणीपर्यंत हलत होते.
पाचची नोंद चुकली.

दुसऱ्या दिवशी, सकाळी आठ.
मोडकी पट्टी नेहमीच्या पायरीवर उभी केली.
आकडे संपले, पाणी वर उरलं.
उंचीचा रकाना कोरा ठेवला.
शेऱ्यात लिहिलं, 'बोलते.'
मग खोडलं. उपअभियंता वाचतात.

नव्या पट्टीसाठी अर्ज केलाय.
कारण : जुनी कामावर असताना मोडली.
खोटं नाही.
तिचा वरचा तुकडा, एक दहापासून दोनपर्यंतचा,
वाहत खाली गेला होता, तो लिंबाजीला जाळ्यात सापडला.
कोंबड्यांच्या खुराड्याला आता त्याचा अडसर आहे.